जपानी भाषेतील भारदस्त शब्द आणि आमचा अभ्यास

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात बोलण्यासाठी चिटणिसांनी आम्हास विषय विचारला, तेव्हा आम्ही "जपानी भाषा" असे उत्तर दिले. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "मास्तर, आपण शाळेत मराठी शिकविता, घरी उर्दू बोलता, हैदराबादच्या बाजारात तेलुगू बोलता. आता ही जपानी कोठून आली?" प्रश्न रास्त होता. ती आपल्याच वाचनालयाच्या मागच्या खोलीतून आली, हे त्याचे उत्तर.

आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे की, आमची एक जुनी विद्यार्थिनी परिचारिकेचे शिक्षण पुरे करून 2021 साली या संस्थेकडे शिक्षणकर्जासाठी आली. वृद्धांची शुश्रूषा करण्याच्या कामासाठी जपानला जावे, असा तिचा मनोदय होता. त्याच वर्षीच्या जानेवारीत भारत आणि जपान या दोन सरकारांमध्ये कुशल कामगारांसंबंधी करार झालेला होता. विश्वस्तांनी कर्ज मंजूर केले आणि घरी तान्ही मुलगी असल्यामुळे अभ्यासाला शांत जागा म्हणून मागची खोलीही दिली. आम्ही त्या वेळी संध्याकाळी वाचनालयाचे काम पाहत होतो. एके दिवशी ती पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "सर, हे एकटीने होत नाही. तुम्ही नुसते समोर बसा. मी म्हणून दाखवते, तुम्ही ऐका." आम्ही बसलो. ऐकता ऐकता शिकू लागलो. गुरू म्हणून नव्हे, तर सहाध्यायी म्हणून.

2022 च्या अखेरीस ती जपानला गेली. जाण्यापुरत्या परीक्षा ती सहज उत्तीर्ण झाली होती, कारण त्या रोजच्या बोलण्याच्या भाषेत असतात. खरा डोंगर पुढे आहे. ज्या परवान्यावर ती तेथे आहे त्याची मुदत साधारणपणे पाच वर्षांची, आणि त्या परवान्यावर कुटुंबाला बरोबर नेता येत नाही. तीन वर्षे काम करून व नेमलेले प्रशिक्षण घेऊन तेथील शुश्रूषकांची राष्ट्रीय परीक्षा ती उत्तीर्ण झाली, तर 2017 पासून सुरू झालेला निराळा परवाना मिळतो, आणि मग नवऱ्याला व मुलीला जवळ नेता येते. या परीक्षेत 125 प्रश्न असतात आणि ते सारे जपानी भाषेत, त्यातही भारदस्त जपानी भाषेत असतात. म्हणून आजही दर रविवारी आमचा दूरध्वनीवरून अभ्यास चालतो. तिच्यासाठी कठीण शब्द ही हौसेची गोष्ट नाही. आई आणि मुलगी यांच्यामधली ती भिंत आहे.

ही भिंत कशाची बांधलेली आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. जपानी शब्द आम्ही नागरीत जमतील तसे बसविले आहेत, उच्चारांत उणेअधिक झाल्यास क्षमा असावी.

जपानी भाषेत शब्दांचे तीन थर आहेत. पहिला थर घरचा, मूळ जपानी. त्याला वागो म्हणतात. दुसरा थर चीनमधून अक्षरांबरोबर आलेल्या किंवा त्या अक्षरांपासून घडविलेल्या शब्दांचा. त्याला कांगो म्हणतात. तिसरा थर अलीकडच्या परदेशी, बहुतांशी इंग्रजी, शब्दांचा. त्याला गाइराइगो म्हणतात. उतारूंच्या मुक्कामाची जागा घ्या. यादोया हा घरचा शब्द, र्योकान हा चिनी घडणीचा शब्द आणि होतेरु हा इंग्रजीतून आलेला शब्द. तिघांचा अर्थ ढोबळ मानाने एकच, परंतु यादोया म्हटले की साधी धर्मशाळेसारखी खाणावळ डोळ्यांपुढे येते, र्योकान म्हटले की चटया अंथरलेले घरंदाज विश्रामगृह आणि होतेरु म्हटले की पलंग, खुर्च्या आणि उंच इमारत.

आपल्या मराठीला हे नवे नाही. घर आपले, गृह संस्कृतातून आलेले, मकान अरबीतून आलेले. "गृहप्रवेश" म्हणतो, "घरप्रवेश" म्हणत नाही. "घरजावई" म्हणतो, "गृहजावई" म्हटले तर जावईच पळून जाईल. कोणता शब्द कोणाच्या पंक्तीला बसतो, हे आपणांस कोणी शिकविले नाही, आईच्या दुधाबरोबर आले. परक्या भाषेत मात्र ते एकेक करून शिकावे लागते, आणि तेच भारदस्त शब्दसंग्रहाचे खरे काठिण्य होय.

या अभ्यासाची व्याप्ती किती, असे कोणी विचारील. जपानी भाषेच्या सरकारमान्य परीक्षेच्या 2010 पासून पाच पायऱ्या आहेत. पूर्वी चार होत्या, आणि त्यांपैकी सर्वांत वरच्या पायरीसाठी सुमारे 10,000 शब्द व 2,000 चिनी अक्षरे अशी अपेक्षा सांगितलेली असे. या अक्षरांना कांजी म्हणतात. आपल्या घरी साड्यांना लावतात त्या कांजीशी त्यांचा संबंध नाही, पण ताठरपणा मात्र तसाच आहे. जपान सरकारने नित्य वापरासाठी ठरविलेल्या यादीत 2010 पासून 2,136 अक्षरे आहेत. आता दहा हजार शब्दांची यादी घेऊन ती गाथेसारखी पाठ करावी, असे पहिल्या वर्षी आमच्या विद्यार्थिनीने ठरविले. रोज तीस शब्द. तीन महिन्यांनी तिने वही मिटली आणि म्हणाली, "सर, सकाळचे रात्री आठवत नाहीत. हे सगळे एकमेकांसारखे दिसतात." ते खरे होते. चूक तिच्या स्मरणशक्तीची नव्हती, रीतीची होती.

मग आम्ही मराठी शिकविणाऱ्या मास्तराची रीत लावून पाहिली. शब्द सुटे न घेता कुळाकुळाने घ्यावयाचे. उदाहरणार्थ पाणी. घरच्या बोलीत पाणी म्हणजे मिझु. तेच अक्षर जोडशब्दात आले की त्याचा उच्चार सुइ होतो. सुइदो म्हणजे नळाचे पाणी, सुइएइ म्हणजे पोहणे, कोझुइ म्हणजे पूर, सुइबुन म्हणजे शरीरातील द्रव आणि दास्सुइ म्हणजे शरीरातील पाणी कमी होणे. आम्ही फळ्यावर शेजारी लिहिले: पाणी, आणि त्याखाली जल, जलाशय, जलोदर, निर्जलीकरण. ती एकदम म्हणाली, "अहो सर, म्हणजे मिझु हे पाणी आणि सुइ हे जल!" बस्स, त्या दिवशी दार उघडले. "पाणीशय" का होत नाही, हे ज्याला कळते त्याला जपानी अक्षरांचे दोन उच्चार का असतात, हे समजावून सांगावे लागत नाही.

उपसर्गांचेही तसेच. कांगो शब्दांना नकार जोडण्याची चार अक्षरे फार उपयोगी पडतात. मुजोकेन म्हणजे बिनशर्त, फुकानो म्हणजे अशक्य, मिकाइकेत्सु म्हणजे अद्याप न सुटलेले, हिकोशिकि म्हणजे अनधिकृत. आपल्याकडे अ, अन्, निर्, बे, बिन, गैर आहेत. कोणता कोठे लावावा याला नियम थोडा आणि वहिवाट फार. आपण "गैरहजर" म्हणतो, "बेहजर" म्हणत नाही. जपानीतही तेच.

दोन अक्षरे एकत्र आली की उच्चार बदलतात, यालाही ती प्रथम घाबरत असे. जित्सु आणि को मिळून जिक्को होते, जित्सुको होत नाही. आम्ही म्हटले, "अगं, सातवीत तुला वाक् आणि ईश यांचा वागीश केला म्हणून पाच गुण दिले होते. ही त्यांची संधीच आहे." पाच गुण तिला आठवत नव्हते, संधी मात्र आठवत होती.

या जित्सु अक्षराचे कुळ आम्हास पुढे फार उपयोगी पडले. जित्सु म्हणजे खरे, प्रत्यक्ष. त्यापासून जिश्शि, जिक्को, जिस्सेन आणि जित्सुगेन असे चार भारदस्त शब्द होतात. तिच्या इंग्रजी अर्थाच्या पुस्तकात चौघांपुढे जवळजवळ एकच अर्थ छापलेला होता: प्रत्यक्षात आणणे. परीक्षेत मात्र हे चारही शब्द एकाच प्रश्नाचे चार पर्याय म्हणून पुढे येऊ शकतात. तेव्हा आम्ही इंग्रजी बाजूला ठेवून प्रत्येक शब्दाचा सोबती शोधला. परीक्षा जिश्शि होते, म्हणजे घेतली जाते. बेत जिक्को होतो, म्हणजे अमलात येतो. तत्त्वाचे जिस्सेन करतात, म्हणजे ते आचरणात आणतात. स्वप्नाचे जित्सुगेन होते, म्हणजे ते साकार होते. पाहा, मराठीत आपणही परीक्षा "साकार" करीत नाही आणि स्वप्न "घेत" नाही. जो भेद इंग्रजी अर्थाने पुसून टाकला होता तो मायबोलीने एका ओळीत दाखविला. तेव्हापासून तिच्या वहीत एकटा शब्द लिहिण्यास बंदी आहे. शब्द लिहावयाचा तो त्याच्या सोबत्यासह, पूर्ण वाक्यात, आणि वाक्य मोठ्याने वाचून.

हे भारदस्त शब्द सगळेच काही चीनमधून आयते आलेले नाहीत, हेही येथे सांगितले पाहिजे. 1868 नंतर, म्हणजे मेइजी काळात, पाश्चात्य विद्या आपल्या भाषेत आणण्यासाठी जपानी विद्वानांनी चिनी अक्षरे जोडून शेकडो नवे शब्द घडविले. निशि आमाने हे गृहस्थ हॉलंडमधील लायडन येथे शिकून परतले आणि तत्त्वज्ञान या अर्थी तेत्सुगाकु हा शब्द त्यांनी रूढ केला. 1874 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात तो आढळतो. असे कितीतरी शब्द पुढे उलट चीनमध्ये गेले आणि तेथेही रुळले.

या उद्योगाशी आपल्या हैदराबाद शहराचा एक धागा जुळलेला आहे. 1918 साली येथे उस्मानिया विद्यापीठ निघाले. उच्च शिक्षण देशी भाषेत देण्याचा तो मोठा प्रयोग होता, आणि त्यासाठी शास्त्रीय परिभाषा उर्दूत घडविणारे भाषांतर खातेही होते. संस्थानचे शिक्षणप्रमुख सर रॉस मसूद हे 1922 साली मुद्दाम जपानला गेले, तेथील शिक्षणपद्धती त्यांनी पाहिली आणि 1923 साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याच भाषेत सर्व विद्या शिकून एक राष्ट्र उभे राहू शकते, हे त्यांना तेथे दिसले. पुढे 1962 साली महाराष्ट्र शासनाचा पदनाम कोश निघाला, त्याच्या मुळाशी हीच तळमळ होती. तेव्हा भारदस्त शब्द म्हणजे केवळ मोठेपणाचा देखावा, असे कोणी समजू नये. घरच्या भाषेला बाहेरच्या जगाचा भार उचलता यावा म्हणून दिलेले ते खांदे आहेत.

आता दुसऱ्या प्रकारच्या भारदस्त शब्दांकडे वळू. हे ज्ञानाचे नव्हेत, अदबीचे. त्यांना केइगो म्हणतात. शाळेत त्यांचे तीन प्रकार सांगतात. एकात दुसऱ्याला वर चढवावयाचे, दुसऱ्यात स्वतःला खाली आणावयाचे आणि तिसऱ्यात नुसते सभ्यपणे बोलावयाचे. 2007 साली तेथील सांस्कृतिक मंडळाने अधिक बारकाईने पाच प्रकार केले. आमच्यासारख्या नवशिक्याला तीनच पुरे होतात.

जेवण्याचे साधे क्रियापद ताबेरु. दुसरा सन्मान्य माणूस जेवला की मेशिआगारु. आपण जेवलो की इतादाकु. बोलण्याचे साधे क्रियापद इउ. आपण बोललात तर ओश्शारु, मी बोललो तर मोसु. आमच्या विद्यार्थिनीला हे अवघड गेले. आम्हास मात्र, खोटी नम्रता न करता सांगतो, अगदी घरचे वाटले. आमच्या उर्दूत दुसरा बोलतो तेव्हा तो "फर्मावतो", आणि आपण बोलतो तेव्हा "अर्ज करतो". त्याचे घर झोपडी असली तरी "दौलतखाना", आपले घर हवेली असली तरी "गरीबखाना". जपानीत पत्र लिहिताना दुसऱ्याची कंपनी ती किशा, म्हणजे मानाची, आणि आपली ती हेइशा, म्हणजे जीर्णशीर्ण. भेट देताना तिच्या वेष्टनावर सोशिना असे लिहितात, म्हणजे अगदी क्षुल्लक वस्तू. आपण "फूल ना फुलाची पाकळी" म्हणतो, तेच हे. औपचारिक पत्राचा आरंभ हाइकेइ या शब्दाने आणि शेवट केइगु या शब्दाने करतात. मध्ये ऋतूचे दोन शब्द घालावयाचे, मे महिना असेल तर कोवळ्या पालवीचे, नोव्हेंबर असेल तर सरत्या शरदाचे. आमच्या आजोबांच्या काळी "सा. न. वि. वि." लिहिल्याशिवाय पत्राला पत्र म्हणत नसत. त्यांना ही रीत पसंत पडली असती.

परंतु ज्या विषयात आपण हुशार असे वाटते, तेथेच पाय घसरतो. आपल्या शहरात आलेल्या एका वयोवृद्ध जपानी गृहस्थांच्या स्वागताला आम्हास बोलाविले होते. फराळ झाल्यावर त्यांनी मोठ्या आदबीने विचारले, "आपण घेतलेत ना?" आम्ही छाती पुढे काढून, अगदी भारदस्त क्रियापद योजून, उत्तर दिले, "हाइ, मेशिआगारिमाशिता." त्यांनी मान लववून समाधान व्यक्त केले. घरी आल्यावर रविवारी आमच्या विद्यार्थिनीला हा पराक्रम सांगितला. ती दूरध्वनीवर इतकी हसली की आम्हास कळेना काय झाले. मग म्हणाली, "सर, तुम्ही म्हणालात, आम्ही भोजन ग्रहण करते झालो!" लहानपणी आम्ही एकदा पाहुण्यांसमोर "हम तशरीफ लाए" असे म्हटले होते, तेव्हा आमच्या दादीजानने कान पिरगाळून सांगितले होते, "अरे, तशरीफ दुसऱ्याची असते. आपण नुसते येतो." चाळीस वर्षांनंतर तोच कान पुन्हा दुखला. भारदस्त शब्द माहीत असणे निराळे आणि तो कोणावर घालावयाचा हे माहीत असणे निराळे.

आणखी एक ठिकाण असे आले की, जेथे उर्दूही कामाला आली नाही आणि मराठीही. आपण आपल्या वडीलधाऱ्यांचा मान परक्यांसमोरही राखतो. "साहेब बाहेर गेले आहेत" असेच म्हणतो. जपानी कचेरीत बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या वरिष्ठाचे नुसते आडनाव घेतात, त्याला मानाचा प्रत्यय लावीत नाहीत, आणि क्रियापदही नम्रतेचे वापरतात. कारण त्या घटकेला वरिष्ठ आणि आपण एका घरचे, आणि समोरचा पाहुणा. स्वतःच्या वडिलांना घरात ओतोसान म्हणावयाचे, बाहेर मात्र चिचि. आमची विद्यार्थिनी म्हणाली, "सर, म्हणजे हेडमास्तरांना अरेतुरे?" आम्ही म्हटले, "अरेतुरे नव्हे. आपल्या घरचा मान आपणच मिरवावयाचा नाही, एवढेच." मान शब्दात नसतो, तो कोण कोठे उभा आहे यात असतो. हे जपानी शिकल्यावर आम्हास कळले, आणि त्यानंतर आमच्या दोन्ही भाषांकडे आम्ही अधिक डोळसपणे पाहू लागलो.

आता मूळ गोष्टीकडे, म्हणजे परीक्षेकडे वळतो. आजाऱ्याच्या खोलीत दोन भाषा चालतात. म्हातारी आजी म्हणते, पडले, कोरोबु. नोंदवहीत लिहावयाचे तेन्तो. आजी म्हणते, ओकारी झाली, हाकु. वहीत ओतो. अंगात ताप आला, नेत्सु गा देरु, वहीत हात्सुनेत्सु. पाणी पिताना ठसका लागला, मुसेरु. अन्न श्वासनलिकेत गेले तर वहीत गोएन. आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला पडतात त्या जखमांना घरच्या बोलीत तोकोझुरे म्हणतात, म्हणजे अंथरुणाचे घासणे. पुस्तकात त्यांना जोकुसो म्हणतात, आणि ती दोन अक्षरे इतकी किचकट आहेत की, त्यांवर जपानी वृत्तपत्रांतूनही चर्चा झाली.

त्या चर्चेचे कारण ऐकण्यासारखे आहे. 2008 पासून इंडोनेशियातून आणि 2009 पासून फिलिपाइन्समधून प्रशिक्षित परिचारिका करारान्वये जपानला जाऊ लागल्या. आपापल्या देशात त्या अनुभवी होत्या. 2009 च्या परिचारिका परीक्षेला त्यांच्यापैकी 82 जण बसले, एकही उत्तीर्ण झाला नाही. 2010 साली 254 बसले, तिघे उत्तीर्ण झाले. रोग्याची पाठ कशी पुसावी, कूस कशी बदलावी, हे ज्यांच्या हातांना ठाऊक होते त्या केवळ शब्दांपाशी अडल्या. मग सरकारने विचार केला, कठीण अक्षरांवर वाचन छापले, रोगांची नावे इंग्रजीतही दिली, पुढे वेळही वाढविला. शुश्रूषकांच्या परीक्षेतही परदेशी उमेदवाराला मागणी केल्यास सर्व अक्षरांवर वाचन लिहिलेली प्रश्नपत्रिका मिळते. हा मोठा दिलासा होय. पण वाचन म्हणजे अर्थ नव्हे. "जोकुसो" असे खणखणीत वाचता आले तरी तो शब्द ज्याने पूर्वी ऐकलेलाच नाही, त्याला त्याचा काय उपयोग? म्हणून शब्दांचे कूळ शिकावे लागते आणि शब्द हाताच्या कामाशी बांधावा लागतो. आमच्या विद्यार्थिनीने हल्ली असा नियम केला आहे की, दिवसभरात जे काम केले त्याची नोंद रात्री स्वतःच्या वहीत दोनदा लिहावयाची, एकदा आजीच्या बोलीत आणि एकदा नोंदवहीच्या भाषेत. या रीतीने एका वर्षात जे झाले ते याद्यांनी तीन वर्षांत झाले नव्हते.

परंतु याच वहीने आम्हास आणखी एक धडा दिला. एका रविवारी तिने सांगितले, "सर, आज माझी चूक झाली. एका आजींना मी विचारले, तोत्सु आहे का? त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या." तोत्सु म्हणजे वेदना, पुस्तकातला शब्द. आजींना तो शब्द कळला नाही, असे नाही, पण अंथरुणावर पडलेल्या माणसाला कोणी "आपणांस वेदना होत आहेत काय" असे विचारले तर त्याला परीक्षा घेतल्यासारखे वाटते. मग त्यांची सोबतीण म्हणाली, "असे विचार, झुकिझुकि होते की चिकुचिकु?" झुकिझुकि म्हणजे ठणकते, चिकुचिकु म्हणजे टोचते, हिरिहिरि म्हणजे चुरचुरते. आजी लगेच म्हणाल्या, "झुकिझुकि." दहा हजार भारदस्त शब्दांनी जे कळले नसते ते एका साध्या शब्दाने कळले.

जपानी लोकांनाही हा धडा मोठी किंमत देऊन मिळाला. 17 जानेवारी 1995 रोजी कोबे भागात मोठा भूकंप झाला, तेव्हा सूचना भारदस्त भाषेत होत्या आणि अनेक परदेशी रहिवाशांना त्या उमगल्या नाहीत. त्यानंतर हिरोसाकि विद्यापीठातील भाषाभ्यासकांनी "यासाशिइ निहोंगो", म्हणजे सोपी जपानी, हा उपक्रम पुढे आणला. "ताकादाइ नि हिनान" असे न म्हणता "ताकाइ तोकोरो नि निगेते", म्हणजे उंच जागी पळा, असे म्हणावयाचे. 1 जानेवारी 2024 रोजी नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला, तेव्हा जपानी आकाशवाणीच्या दूरचित्रवाणीवर त्सुनामी, पळा, अशी हाक मोठ्या, सोप्या अक्षरांत झळकत होती आणि निवेदिका तीच हाक ओरडून देत होती. ज्या भाषेत जेवण्याला तीन क्रियापदे आहेत, तिनेच त्या क्षणी सगळी अदब बाजूला ठेवली. आमच्या मते तीच खरी अदब होय.

तेव्हा इतक्या अभ्यासानंतर आमच्या हाती लागले ते एवढेच. भारदस्त शब्द अवश्य शिकावेत, मन लावून शिकावेत, कारण त्यांच्याशिवाय नोंदवही, परीक्षा, कचेरी आणि विद्या यांची दारे उघडत नाहीत. पण ते दुसऱ्याच्या सोयीसाठी शिकावेत, स्वतःच्या शोभेसाठी नव्हे. ज्याला ते चढविता येतात आणि वेळेवर उतरविताही येतात, त्यालाच ते आले असे समजावे. ही गोष्ट जपानीची म्हणून सांगितली, पण आपण मराठी माणसे परप्रांतात तीन-तीन भाषांत वावरतो, आपणांसही ती लागू आहे.

शेवटी विश्वस्त मंडळींपुढे एक अर्ज. आमच्या भाषेत अर्जच म्हणतो. संस्थेने परदेशी जाणाऱ्या मुलामुलींना पैसे दिले, फार चांगले केले. परंतु कर्ज प्रवासापर्यंत पुरते. शब्द शिकण्यास त्यापुढेही वर्षे लागतात. मागच्या खोलीतला दिवा रात्री नऊ वाजता बंद होतो, तो साडेनऊपर्यंत जळू द्यावा, आणि तेथे असे विद्यार्थी येऊन बसतील तेव्हा कोणी तरी वडीलधाऱ्याने समोर बसावे. जपानी आली नाही तरी चालेल. आम्हासही येत नव्हती. नुसते ऐकावे.

येत्या जानेवारीत आमच्या विद्यार्थिनीची परीक्षा आहे. ती काय होईल हे आम्ही सांगू शकत नाही, प्रश्न 125 आहेत आणि ती रात्रपाळी करून अभ्यास करते. तिची मुलगी आज दुसऱ्या रांगेत आजीच्या मांडीवर बसलेली आहे. गेल्या रविवारी दूरध्वनीवर आईला तिने विचारले, "आई, तुझा अभ्यास झाला का?" आईने उत्तर दिले, "मोसुकोशि." मुलीने आमच्याकडे पाहिले. आम्ही अर्थ सांगितला: अजून थोडा.

हा शब्द भारदस्त नाही, कोणत्याही यादीत कठीण म्हणून सापडणार नाही. तो लवकर खरा ठरो, अशी आपण सर्वांनी मिळून प्रार्थना करावी, आणि संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांना आमच्या शुभेच्छा स्वीकाराव्यात, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

जय हिंद.